नर्सिंगला जायचंय, पहिल्या सत्रात कोणते विषय घेऊ?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी ३६ वर्षांची आहे. पुण्याला बी.कॉम. केलं, मग लग्न झालं आणि इकडे आले. बरीच वर्षं एच-फोरवर (नवऱ्याच्या वर्क व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर) घरीच होते, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं. धाकटी यंदा किंडरगार्टनला जाईल. आम्ही कॅलिफोर्नियात राहतो आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजमधून नर्स व्हायचं माझ्या मनात आहे. ऑगस्टच्या सत्रासाठी अर्ज भरलाय. मैत्रीण म्हणते, पहिल्यांदा सोपे विषय घेऊन जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बसवून घे. दीर म्हणतात, १२ युनिट घेऊन फुल-टाइम हो, आधीच उशीर झालाय. माझ्या बी.कॉम.चा इथे काही उपयोग होईल का? आणि कॉलेजवाले चार वर्षांचा एज्युकेशन प्लॅन करायला सांगतात. मला पुढच्या सहा महिन्यांचं सांगता येत नाही, चार वर्षांचं काय लिहू?
— अ. क., ईस्ट बे

उत्तर: पहिल्या सत्रात केमिस्ट्री घ्या, लॅबसकट. जोडीला इंग्लिश कॉम्पोझिशन. तेवढंच.

का ते सांगते. कम्युनिटी कॉलेजमध्ये प्रवेश सगळ्यांना मिळतो, पण कॉलेजच्या नर्सिंग प्रोग्रॅमला तसा मिळत नाही. त्यासाठी नंतर वेगळा अर्ज करावा लागतो आणि जागा थोड्या असतात. त्या अर्जाआधी ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजी हे तीन लॅबचे विषय व्हावे लागतात. हे विषय एकमेकांत अडकलेले आहेत. फिजिऑलॉजीला किंवा मायक्रोला बसायचं तर बऱ्याच कॉलेजांत आधी केमिस्ट्री लागते, आणि फिजिऑलॉजीच्या आधी पुष्कळ ठिकाणी ॲनाटॉमी. एका सत्रात लॅबचा एकच विषय घेतला तर ही साखळी चार सत्रांची होते. घरसंसार सांभाळून तिच्यात फारशी काटछाट करता येत नाही. सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी, स्पीच हे विषय मात्र उन्हाळ्यात, ऑनलाइन, कधीही उरकता येतात.

मी कॉलेजात काउन्सेलर आहे; मैत्रिणीने सांगितलेल्या वाटेने गेलेले विद्यार्थी माझ्यासमोर नेहमी येऊन बसतात. ट्रान्सक्रिप्टवर तीसेक युनिट, जवळजवळ सगळे ए, चेहऱ्यावर आनंद. मी कागदावर केमिस्ट्री शोधते आणि ती तिथे नसते. ‘अजून दोन वर्षं लागतील’ हे त्यांना सांगणं माझ्या अगदी जिवावर येतं. म्हणून तुम्हाला आधीच बजावते आहे.

आता दिरांचं. एक युनिट म्हणजे सत्रभरात किमान ४८ तासांचं काम, वर्ग, लॅब आणि घरचा अभ्यास सगळं धरून. म्हणजे आठवड्याला साधारण ३ तास. १२ युनिट घेतले की ३६ तास झाले. त्यात मुलांची शाळा, डबे, आजारपणं कुठे बसवणार? केमिस्ट्री आणि इंग्लिश मिळून आठ-नऊ युनिट होतील आणि आठवड्याचे पंचविसेक तास जातील. बऱ्याच वर्षांनी पुस्तक हातात धरणाऱ्या माणसाला पहिल्या सत्रात एवढं पुरे.

फुल-टाइम होतात की पार्ट-टाइम, याला नर्सिंगच्या अर्जात किंमत नाही. किंमत आहे ती ग्रेडला. काही कॉलेजं लॉटरी काढतात, पण बरीच गुण देऊन निवड करतात आणि त्यात सायन्सच्या विषयांचा जीपीए जड पडतो. इथे एक नियम आहे, जो नव्या विद्यार्थ्यांना कुणी वेळेवर सांगत नाही. डी किंवा एफ मिळाला तर विषय पुन्हा घेता येतो. सी मिळाला तर तुम्ही पास झालात, आणि पास झालेला विषय नुसती ग्रेड सुधारायला परत घेता येत नाही. तो सी कायमचा तिथे राहतो. ॲनाटॉमी दमछाक होऊन सीवर काढण्यापेक्षा एक सत्र उशिराने, पण ए किंवा बी मिळवून काढलेली कितीतरी बरी. दिरांना हे जरूर सांगा, त्यांची काळजी खरी आहे.

विषय झेपत नाही असं वाटलं तर सुरुवातीच्या थोड्या आठवड्यांत सोडता येतो, ट्रान्सक्रिप्टवर खूण राहत नाही. ती तारीख उलटली की डब्ल्यू, म्हणजे विषय सोडल्याची खूण, पडतो. डब्ल्यूने जीपीए घसरत नाही, पण एक प्रयत्न खर्ची पडतो. एका विषयाला साधारणपणे तीनच प्रयत्न मिळतात, आणि किती वेळा विषय पुन्हा घेतला हे बरेच नर्सिंग प्रोग्रॅम बघतात. सत्र सुरू झालं की ही तारीख फ्रिजवर लावून ठेवा.

बी.कॉम. वाया गेलेलं नाही, पण त्यातून सायन्सचा एकही विषय सुटणार नाही. इतर सर्वसाधारण विषयांतून सूट मिळू शकते. त्यासाठी नॅसेसच्या (परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य संस्थेकडून पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो हे आधी कॉलेजला विचारा, मगच पैसे भरा, आणि विषयवार अहवाल मागा. नुसती ‘ही पदवी अमुक पदवीच्या तोडीची’ असं सांगणारा अहवाल पुरत नाही. गुणांच्या पद्धतीत आधीच्या पदवीलाही गुण असतात. आणखी एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. या निवडीसाठी राज्याच्या कायद्याने जे निकष सुचवलेत, त्यांत इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेवरचं प्रभुत्व हा एक आहे, आणि त्या भाषांत भारतीय उपखंडातल्या भाषांचा उल्लेख आहे. तुमची मराठी तिथे कामाला येऊ शकते. पुरावा काय लागतो ते प्रत्येक कॉलेज वेगळं ठरवतं.

पैशाचं पटकन सांगते. राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे नऊ युनिटांचे ४१४, वर किरकोळ फी आणि पुस्तकं. पदवी झालेली असल्यामुळे पेल ग्रँट (केंद्र सरकारची शिक्षणासाठीची मदत) मिळणार नाही, पदवी भारतातली असली तरी. मात्र कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँटला पदवीची आडकाठी नाही. उत्पन्न त्यांच्या मर्यादेत बसलं तर युनिटची फी माफ होते.

राहिला चार वर्षांचा आराखडा. चार वर्षांचं भविष्य लिहायचंय असं समजू नका. आसपासच्या तीन कॉलेजांच्या नर्सिंगच्या पानांवरून आधी लागणाऱ्या विषयांच्या याद्या छापून घ्या. पुढे अर्जही एकाच कॉलेजला करायचा नसतो. तिन्ही याद्या टेबलावर शेजारीशेजारी ठेवा आणि सामाईक विषयांवर खूण करा. फरक लगेच दिसतील. एका कॉलेजात ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी वेगवेगळे तर दुसरीकडे एकत्र, एकाला स्टॅटिस्टिक्स हवं, दुसऱ्याला पाच-सात वर्षांपूर्वीचं सायन्स चालत नाही. खूण केलेल्या विषयांपैकी साखळीतले चार तेवढे सत्रांच्या रकान्यांत भरा: या ऑगस्टला केमिस्ट्री, जानेवारीत ॲनाटॉमी, मग फिजिऑलॉजी, मग मायक्रो. बाकीचे रकाने रिकामे राहू देत. प्रोग्रॅमची स्वतःची दोन वर्षं त्यापुढे. प्लॅन दर सत्राला बदलता येतो आणि माझ्याकडे येणारे जवळपास सगळेच तो बदलतात.

ध्येयही याच मापाने लिहा. ‘चाळिशीत नर्स’ हे मनात असू द्या, पण कागदावर ‘केमिस्ट्रीत किमान बी’ असं लिहा. त्यासाठी या आठवड्यात काय करायचं ते लगेच कळतं.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी उत्तर देते. रुग्णाचं अंग पुसणं, त्याला कुशीवर वळवणं, रात्रीची ड्यूटी, हे आपल्याला आवडेल का? पुस्तकातून हे कळत नाही. एखाद्या उन्हाळ्यात सर्टिफाइड नर्स असिस्टंटचा छोटा कोर्स करून बघा. कॅलिफोर्नियात त्याचं किमान १६० तासांचं प्रशिक्षण असतं आणि त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ जातात. नर्सिंग आपलं नाही असं त्यात लक्षात आलं, तर ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी रेडिऑलॉजिक टेक्नॉलॉजी किंवा रेस्पिरेटरी थेरपीलाही लागतात. केलेला अभ्यास कुठेच जात नाही.

ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन झालेला असेल तर नावनोंदणीची तारीख लवकरची मिळते. लॅबच्या विषयांत त्या दोन-चार दिवसांचा फार फरक पडतो. केमिस्ट्रीचा वर्ग भरलेला दिसला तरी वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला जाऊन बसाच. नोंदणी केलेले काहीजण येत नाहीत, आणि मग प्राध्यापक हजर असलेल्यांना वेटलिस्टच्या क्रमाने ॲड कोड, म्हणजे वर्गात नाव घालायचा कोड, देतात. काउन्सेलरची वेळ मात्र आजच घ्या. ऑगस्टमध्ये आमच्याकडे रांगा लागतात आणि एकेकाला दहा मिनिटं मिळतात. तुमच्या तीन याद्या बघायला अर्धा तास तरी हवा.