वाचकांचे प्रश्न : सोरायसिस आणि घरचे उपाय

त्वचेच्या तक्रारींविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत सोरायसिसविषयीची पत्रे सर्वांत जास्त असतात, आणि त्यांतील बहुतेकांना झाडपाल्याच्या व घरगुती उपायांविषयी जाणून घ्यायचे असते. त्यांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कमरेवर सोरायसिसचे चट्टे आहेत. पावसाळ्यात बरे असते, थंडीत मात्र पापुद्रे वाढतात. घरी खोबरेल, कोरफड, करंजेल, कडुनिंब सगळे आहे. शेजारच्या काकी म्हणतात की नारळाच्या काथ्याने चट्टे घासून स्वच्छ करावेत. नेमके काय करावे? घरात लहान मूल आहे, तेव्हा त्यांचा टॉवेल वेगळा ठेवावा का?
— एक गृहिणी, डिचोली

उत्तर : टॉवेल वेगळा ठेवण्याचे कारण नाही. सोरायसिस स्पर्शाने, कपड्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. जागतिक आरोग्य सभेने २०१४ मध्ये या आजाराविषयी जो ठराव केला, त्यातही तो असंसर्गजन्य असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. नातवाला त्यांनी खुशाल मांडीवर घ्यावे. अंगावरच्या चट्ट्यांपेक्षा घरातल्या माणसांनी हात आखडता घेणे रुग्णाच्या जिवाला अधिक लागते, आणि मनावरचा ताण हा आजार वाढवतो, म्हणून हे आधी सांगितले.

आपली त्वचा साधारणपणे महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा विनाकारण चेतवली जाते आणि तीच प्रक्रिया काही दिवसांत उरकते. अर्धवट तयार झालेल्या पेशी एकावर एक साचतात आणि चंदेरी पापुद्रे दिसू लागतात. कारण रक्ताच्या अशुद्धीत नसून या चेतवलेल्या यंत्रणेत असल्यामुळे, कोणतेही तेल किंवा पाला आजार मुळापासून घालवील अशी अपेक्षा ठेवू नये. मात्र त्वचा मऊ ठेवणे, खाज कमी करणे आणि भेगा पडू न देणे ही कामे घरच्या उपायांनी उत्तम होतात, आणि ती कामे लहान नाहीत.

त्यात पहिला मान खोबरेलाचा. अंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात आटोपावी, अंग टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, चट्ट्यांवर तेल हलक्या हाताने जिरवावे. कोरड्या त्वचेवर तासाभराने चोपडलेल्या तेलाचा निम्माही उपयोग होत नाही. थंडीत दिवसातून दोनदा लावावे. टाचा आणि तळवे फुटत असतील तर आपल्याकडचे भिरंडेल (कोकमाच्या बियांचे तेल) किंचित ऊन करून रात्री लावावे आणि वर सुती मोजे घालावेत. जांघेत आणि स्तनांखाली मात्र दाट तेल थापू नये, कारण आपल्या दमट हवेत तिथे बुरशी धरते.

काथ्याने घासण्याचा सल्ला कृपया मानू नये. पापुद्रा ओढून काढला की खाली रक्ताचे बारीक ठिपके उमटतात, हे सासूबाईंनी पाहिले असेलच. शिवाय सोरायसिसच्या त्वचेला जिथे ओरखडा, भाजणे किंवा इजा होते, तिथेच दहा-पंधरा दिवसांत नवा चट्टा उगवू शकतो. पापुद्रे तेलाने भिजवून आपोआप सुटू द्यावेत.

कोरफडीविषयी मत देताना सावध राहावे लागते. पाकिस्तानात १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कोरफडीच्या क्रीमने पुष्कळ रुग्णांचे चट्टे गेले. डेन्मार्कमध्ये २००५ साली झालेल्या चाचणीत मात्र कोरफडीचा गर औषधविरहित गरापेक्षा सरस ठरला नाही. गारवा मिळतो म्हणून लावायला हरकत नाही. पान कापल्यावर ते थोडा वेळ उभे ठेवून पिवळा चीक निथळू द्यावा आणि मगच गर काढावा, कारण त्वचेची आग तो चीक करतो. करंजेल, कडुनिंब आणि हळद यांविषयी पुरावा तुटपुंजा आहे. वापरायचेच असेल तर आधी दंडाच्या आतल्या बाजूला चांगल्या त्वचेवर थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी.

या सर्वांपेक्षा मला अधिक आशा वाटते ती काळ्या कुड्याविषयी. त्याची ताजी पाने खोबरेलात घालून काही दिवस उन्हात ठेवली की तेलाला जांभळट रंग चढतो. तमिळनाडूतील ‘सिद्ध’ या पारंपरिक वैद्यकात हे तेल सोरायसिसवर फार पूर्वीपासून वापरले जाते. आपल्याकडे जुलाबावर जो कुडा देतात तो पांढरा, तो वेगळा. झाड ओळखणाऱ्या जाणत्या वैद्यांकडूनच पाने घ्यावीत.

प्रश्न : माझ्या डोक्यात कोंड्यासारखे जाड थर साचतात. डॉक्टरांनी सोरायसिस म्हटले. गावातल्या एकांनी लिंबू चोळायला आणि वाढले तर बिब्बा लावायला सांगितले आहे.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, पेडणे

उत्तर : बिब्बा मुळीच लावू नका. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात आणि वर सांगितल्याप्रमाणे त्या जागी सोरायसिस पसरतो. लसणाच्या लेपाचेही तेच. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर त्वचा करपून काळे डाग पडतात. रात्री कोमट खोबरेल थरांवर मुरवावे, सकाळी सौम्य शाम्पूने धुवावे आणि रुंद दातांच्या कंगव्याने, जोर न लावता, सुटलेले तेवढेच काढावे. एवढ्याने भागले नाही तर सॅलिसिलिक आम्ल किंवा कोलटार असलेला शाम्पू डॉक्टरांना विचारून वापरावा.

प्रश्न : ‘गोवा पावडर’ नावाचे सोरायसिसवरचे औषध पूर्वी जगभर प्रसिद्ध होते, असे ऐकले. ती कोणती वनस्पती? आपल्या रानात मिळते का?
— निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, पण ही वनस्पती आपल्या रानातली नाही. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात अरारोबा नावाचा मोठा वृक्ष होतो. त्याच्या खोडातील पोकळ्यांत आणि चिरांत पिवळसर भुकटी साचते. पोर्तुगिजांनी ती गोव्यात आणली, इथून ती हिंदुस्थानात इतरत्र गजकर्णावरचे औषध म्हणून जाऊ लागली आणि गोव्याचेच नाव तिला चिकटले. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मानो स्क्वायर यांनी १८७० च्या दशकात ती सोरायसिसवर गुणकारी असल्याचे प्रसिद्ध केले. पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा आटला, तेव्हा जर्मनीत १९१६ साली तिच्या घटकाशी साम्य असलेले डिथ्रॅनॉल तयार झाले, आणि ते आजही वापरात आहे.

या हकिगतीत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ही भुकटी गोळा करणाऱ्या लाकूडतोड्यांचे डोळे आणि चेहरे सुजत असत. डिथ्रॅनॉलचेही तसेच आहे. ते चट्ट्यावर काही मिनिटेच ठेवून धुतात, भोवतालच्या निरोगी त्वचेला व्हॅसलीन लावून जपतात, आणि तरीही त्वचेवर व कपड्यांवर जांभळट-तपकिरी डाग राहतात. बावचीही अशीच. तिच्यात असलेल्या सोरालेन वर्गातील द्रव्यांवर रुग्णालयातली एक प्रकाशचिकित्सा आधारलेली आहे, पण तिथे औषध आणि किरण दोन्ही मोजून देतात. घरी बावचीचे तेल लावून उन्हात बसलेल्यांना भाजल्यासारखे फोड आलेले मी पाहिले आहेत. झाडपाल्याचे औषध सौम्यच असते, हा समज म्हणूनच सोडला पाहिजे. ज्यात खरोखर गुण आहे त्याची मात्रा मोजावीच लागते.

प्रश्न : मासे खाल्ल्याने सोरायसिस वाढतो का? घरचे म्हणतात, मासे कायमचे सोड. फेणीही सोडावी का? आणि समुद्रस्नानाचा उपयोग होतो का?
— हॉटेल कर्मचारी, काणकोण

उत्तर : मासे सोडण्याची गरज नाही. बांगडा आणि तारले यांत ओमेगा-३ स्निग्धाम्ले भरपूर असतात आणि सोरायसिससोबत येणाऱ्या हृदयविकाराच्या धोक्याचा विचार करता ती हितकर आहेत. तळण्यापेक्षा हुमण (माशांची आमटी) बरे. आयुर्वेदात मासे आणि दूध एकत्र घेणे विरुद्ध आहार मानले आहे. आपली त्यावर श्रद्धा असेल तर दोन्ही एका वेळी घेऊ नयेत, त्याने काही बिघडत नाही. फेणी मात्र सोडावी, आणि विडी-सिगारेटही. दारूने सोरायसिस भडकतो आणि औषधांचा गुणही कमी येतो. वजन जास्त असेल तर ते उतरवणे हा मला माहीत असलेला सर्वांत परिणामकारक घरगुती उपाय आहे.

समुद्राच्या पाण्याने पापुद्रे मऊ होतात आणि बेताच्या उन्हाने चट्टे विरतात. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. नंतर गोड्या पाण्याने अंग धुऊन लगेच तेल लावावे. अंग लाल होईपर्यंत उन्हात राहिल्यास उलट त्रास वाढेल. त्वचेला भेगा असतील तेव्हा खारे पाणी टाळावे.

प्रश्न : जत्रेत एका विक्रेत्याकडून ‘शुद्ध वनौषधी’ मलम घेतला. चार दिवसांत चट्टे गेले. डबी संपली आणि दुपटीने परत आले. त्यामुळे डॉक्टरांनी दिलेल्या मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या बंद करून आता गुळवेलीचा काढा घेत आहे.
— दुकानदार, फोंडा

उत्तर : आपले पत्र वाचून काळजी वाटली. इतक्या झटपट गुण देणाऱ्या आणि घटक न छापलेल्या मलमात तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते. ते थांबताच आजार उसळून येतो. ती डबी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

गुळवेल आजच थांबवा. ती रोगप्रतिकारक यंत्रणेला चेतवते अशी तिची ख्याती आहे, आणि सोरायसिसमध्ये ती यंत्रणा आधीच चेतलेली असते. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. मेथोट्रेक्सेटही यकृतावर ताण आणणारे औषध असल्याने तपासणी आवश्यक आहे. गोळ्या आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. सोरायसिससाठी ते औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतल्यास जिवावर बेतते. आयुर्वेदिक उपचारच हवे असतील तर धारगळच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत किंवा शिरोड्याच्या आयुर्वेद महाविद्यालयात जावे, पण चालू असलेली औषधे तिथे सांगावीत.

सर्वांग लाल होणे, हुडहुडी भरून ताप येणे किंवा चट्ट्यांवर पुवाचे बारीक फोड दिसणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळी उठल्यावर बोटे किंवा टाचा अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील, तर तेही सांगावे, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि तिथली झीज भरून येत नाही. या आठवड्यातच बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागात जावे आणि जाताना मलमाची डबी, काढ्याची पुडी आणि जुने कागद सोबत न्यावेत.