संकट सरल्यावरचं वर्ष

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीनंतर आलेल्या पत्रांत एक गोष्ट ठळक दिसते. संकट आलं त्या दिवसाबद्दल जवळजवळ कुणी विचारत नाही, सगळे प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचे आहेत. मला ते बरोबरच वाटतं. पूर, युद्ध, महामारी यांत जे मोडायचं ते मोडतंच. पण दोन देशांचे संबंध असोत, कारखाना असो की घर, पुढं काय होणार हे ठरतं ते मदतीच्या गाड्या परत गेल्यावर, वर्ष-दोन वर्षांत. म्हणून वेगवेगळ्या विषयांवरची पाच पत्रं आज एकत्र घेते.

लातूरला स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी विद्यार्थिनी विचारते : मॅडम, मोठ्या आपत्तीनंतर शत्रुराष्ट्रंही जवळ येतात, असं आमच्या नोट्समध्ये आहे. ग्रीस-तुर्कस्तानचं उदाहरण दिलंय. पण कोरोनात तर प्रत्येक देशानं आपलंच पाहिलं. मग उत्तरात काय लिहायचं?

ग्रीस-तुर्कस्तानचं उदाहरण चांगलं आहे, पण नोट्समध्ये ते बहुतेक अर्धंच दिलेलं असतं. १७ ऑगस्ट १९९९ला तुर्कस्तानात इझमितचा भूकंप झाला आणि ग्रीसची पथकं धावली. ७ सप्टेंबरला अथेन्स हादरलं, तेव्हा तुर्की पथकं तिकडं गेली. पण या दोन देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बोलणी भूकंपाच्या आधीच सुरू झाली होती. दोन्हीकडच्या जनतेचा राग ओसरला, त्यामुळं ती बोलणी उघडपणे पुढं नेता आली. भूकंपाचं श्रेय तेवढंच.

याहून बोलकं उदाहरण २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीचं आहे. लाट एकच, पण ती दोन यादवी युद्धांच्या भूमीवर आदळली. इंडोनेशियातल्या आचेमध्ये जवळजवळ तीस वर्षं चाललेला सशस्त्र संघर्ष १५ ऑगस्ट २००५च्या हेलसिंकी कराराने थांबला. श्रीलंकेत उलटं झालं. उत्तर-पूर्वेत मदत कुणाच्या हातून वाटायची, यावरच सरकार आणि एलटीटीई ही तमिळ बंडखोर संघटना अडकले. जून २००५मध्ये संयुक्त वाटपाचा करार झाला, जुलैत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यातल्या कळीच्या तरतुदींना स्थगिती दिली, आणि २००६मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. आचेमध्ये बोलणीचे धागे आधीच जुळत होते. श्रीलंकेत कागदावर शस्त्रसंधी होती, पण विश्वास उरला नव्हता.

आता आपल्याकडं या. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा भारतानं जागतिक बँकेचं कर्ज घेऊन पुनर्वसन केलं. लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसली. त्यानंतर अकरा वर्षांनी त्सुनामीत भारतानं स्वतःसाठी परदेशी सरकारांची मदत नाकारली आणि नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडं पाठवली. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया यांच्याबरोबर तेव्हा जो तातडीचा गट बनला, तो थोड्याच दिवसांत विसर्जित झाला. पण एकत्र काम करायची ती सवय पुढं याच चार देशांच्या ‘क्वाड’ गटाच्या मुळाशी राहिली.

याच्या उलट, फेब्रुवारी २०२३मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा भारतानं ‘ऑपरेशन दोस्त’ राबवलं. मे २०२५मध्ये तोच तुर्कस्तान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूनं उभा राहिला आणि इथं तुर्की सफरचंदांवर बहिष्कार आला. मदतीतून कृतज्ञता मिळते, पण तिच्यावर पुढचं धोरण ठरत नाही. लशींचंही तसंच झालं. जानेवारी २०२१पासून आपण शेजाऱ्यांना लस दिली. मग दुसरी लाट आली आणि निर्यात अडली. ती अडवणं भागच होतं. पण नेपाळ, बांगलादेशाला दुसऱ्या डोससाठी थांबावं लागलं आणि त्यांनी चिनी लस घेतली. उत्तर लिहिताना आपत्तीच्या आधी काय शिजत होतं आणि नंतर कोण टिकून राहिलं, हे दोन्ही लिही. उत्तर बाकीच्यांपेक्षा वेगळं होईल.

औसा तालुक्यातले सोयाबीन उत्पादक विचारतात : २०२१च्या ऑगस्टात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेलं. पुढं युक्रेनचं युद्ध लागलं तर लोक म्हणाले, आता भाव उतरत नसतो. माल घरात ठेवला. नंतर चार हजारांवर आलं. युद्ध तर चालूच राहिलं, मग भाव कुठं गेला?

दादा, युद्धानं तेल महागलं आणि तुमच्या सोयाबीनचा भाव मुख्यतः पेंडीवर ठरतो. गफलत इथं झाली. शंभर किलो सोयाबीन गाळलं तर तेल निघतं अठराच्या आसपास, बाकी जवळपास ऐंशी किलो पेंड. त्या पेंडीला गिऱ्हाईक कोंबडीखाद्याचं. २०२१मध्ये पेंड कडाडली तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली आणि सरकारनं ऑगस्टमध्येच १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. डिसेंबरात सोयाबीनचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. म्हणजे युक्रेनवर पहिला गोळा पडायच्या आधीच भावाची वरची वाट अडवलेली होती.

फेब्रुवारी २०२२मध्ये युद्ध लागलं आणि सूर्यफूल तेल अडलं, कारण आपलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेन आणि रशियातूनच यायचं. एप्रिलअखेर इंडोनेशियानं पाम तेलाची निर्यात बंद केली. तेजीचं टोक ते. तीनच आठवड्यांनी ती बंदी उठली, साचलेला माल बाहेर पडला आणि जगभर तेल उतरायला लागलं. संकटातली तेजी ही टंचाईच्या भीतीची असते. पर्यायी वाट सापडली की ती ओसरते, युद्ध थांबायची वाट पाहत नाही.

पुढं सप्टेंबर २०२४मध्ये केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क एकूण साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं. तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२च्या हमीभावाखालीच विकलं गेलं. कारण पुन्हा पेंडच. ब्राझील-अर्जेंटिनाचं पीक भरघोस आणि इकडं मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा स्वस्तात कोंबडीखाद्यात जायला लागलेला. मे २०२५मध्ये ते शुल्कही साडेसोळावर आलं.

माझं स्पष्ट मत आहे की सगळा माल एका भावाच्या आशेवर ठेवू नये. काढणीला देणी भागतील एवढा विका. उरलेल्यासाठी बाजार समितीत शेतमाल तारण योजनेची चौकशी करा, मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. आणि युद्धाची बातमी ऐकून भाव बांधू नका. आडतीवर गेलात की तेलाच्या आधी पेंडीचा भाव विचारत जा.

वाळूज एमआयडीसीतले छोटे कारखानदार लिहितात : गाड्यांचे सुटे भाग बनवतो, गिऱ्हाईक एकच. लॉकडाऊनमध्ये कसंबसं तगलो. खरा मार बसला काम जोरात सुरू झाल्यावर. ऑर्डरचं शेड्यूल होतं, पण खेळतं भांडवल नव्हतं. गावी गेलेले कामगार परत आले नाहीत. आता सगळं ठीक आहे, तरी रात्री दोनला जाग येते. मोठ्या कंपन्या करतात तसं नियोजन आम्हाला जमेल का?

काही गोष्टी नक्की जमतील. २०११च्या जपानमधल्या भूकंप-त्सुनामीनंतर टोयोटानं पुरवठादारांचे पुरवठादार कोण, इथपर्यंतची यादी केली आणि चिपसारख्या सहज न मिळणाऱ्या मालाचा दोन ते सहा महिन्यांचा साठा पुरवठादारांकडं ठेवायला लावला. एरवी कमीत कमी साठा ठेवणारी ही कंपनी. २०२१च्या चिपटंचाईत इतर वाहन कंपन्यांच्या लाइन थांबल्या, तेव्हा टोयोटा सुरुवातीचे महिने बरीच निभावली. त्यांनी सगळ्याच गोष्टींचा साठा केला नाही. जिच्यावाचून लाइन थांबते ती नेमकी वस्तू शोधून तेवढीच जपली. तुमच्याकडं अशा वस्तू तीन-चारच असतील. एखादा डाय, एखादं विशिष्ट स्टील, एखाद्याच माणसाला येणारं सेटिंग. ते सेटिंग आधी दुसऱ्याला शिकवा. त्याला पैसेही लागत नाहीत.

पैशाचं तुम्ही अचूक ओळखलंत. मंदीत धंदा थांबतो, पण उधारी वसूल होत राहते. तेजीत कच्चा माल रोखीनं घ्यावा लागतो आणि बिल तीन महिन्यांनी सुटतं. २०२०मध्ये सरकारी हमीची तातडीची कर्जं मिळाली खरी, पण त्यांच्या मुद्दलाचे हप्ते नेमके काम वाढलं तेव्हा सुरू झाले. आता कायदा थोडा तुमच्या बाजूनं आहे. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो. उद्यम नोंदणी क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. एकाच गिऱ्हाइकाशी भांडणं अवघड, हे मी जाणते. म्हणून दुसरं गिऱ्हाईक शोधायची वेळ आत्ताची आहे, हातात काम असतानाची. एकूण कामाच्या पाचव्या हिश्शाएवढं जरी मिळालं तरी बोलणीत तुमचा आवाज बदलेल.

कामगारांबद्दल जरा थांबून बोलायला हवं. ८ मे २०२०च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर थकून झोपलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून निघाले होते, भुसावळकडं चालले होते, तिथून मध्य प्रदेशातलं गाव गाठायचं होतं. मराठवाड्यातल्या प्रत्येक उद्योजकानं ही घटना लक्षात ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. पगार किती मिळेल, जेवणाचं काय, गाडी केव्हा, याचा खात्रीचा शब्द देणारं कोणी नसलं की माणूस चालू लागतो. संकटात मालकानं रोज एका ठरल्या वेळी कामगारांशी बोलावं. सांगायला नवं काही नसलं तरी बोलावं. ‘अर्धा पगार देऊ शकतो, दहा तारखेला देतो’ असं सांगून दहालाच दिला, तर माणसं टिकतात. कंत्राटी कामगारांशी ठेकेदारामार्फत नको, स्वतः बोला.

आणि रात्री दोनची जाग. धोका टळल्यावरही शरीर पहाऱ्यावरून उतरत नाही, असं पुष्कळांचं होतं. त्यात तुमच्या धंद्याचे आकडे एकट्या तुम्हालाच माहीत आहेत. दर महिन्याला एक दिवस घरच्यांना किंवा विश्वासातल्या सीएला घेऊन बसा आणि देणं-येणं मोठ्यानं वाचा. महिनाभर झोप अशीच मोडत राहिली तर डॉक्टरकडं जा. रात्रीची दारू हा त्यावरचा उपाय नाही, त्यानं पहाटेची जाग वाढते.

भूम तालुक्यातल्या एक ताई लिहितात : पुरात नदीकाठचं रान खरडून गेलं, दोन म्हशी वाहून गेल्या. पंचनाम्याच्या वेळी मालक धावपळ करत होते. आता गप्प झालेत. नीट जेवत नाहीत, शेताकडं फिरकत नाहीत, ‘माझ्यामागं तुमचं कसं होईल’ असं सारखं म्हणतात. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवऋष्याकडं न्या.

ताई, बाकी सगळं नंतर, आधी आज करायचं सांगते. घरातलं, गोठ्यातलं फवारणीचं औषध उचलून दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवा. मग मालकांना शांतपणे, सरळ विचारा, ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं बोलून दाखवता येतं. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात न्या. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. तो तुम्हीही लावू शकता.

हे आत्ताच का झालं, तेही सांगते. पूर आला तेव्हा करायला काम होतं. पंचनामा, कागद, बँक. गावही सोबत होतं. धावपळ संपली की नुकसान खरं दिसायला लागतं. पीक बुडालं तर पुढचा हंगाम असतो, मातीच गेली तर पुढचा हंगाम कशावर घ्यायचा, हा प्रश्न कर्त्या माणसाला आतून पोखरतो. किल्लारीनंतरही नवं घर मिळालेल्या कितीतरी जणांच्या मनातली छपराची भीती गेली नव्हती. मदतीची रक्कम मिळाली म्हणजे दुःख मिटलं, असं घरात कुणी म्हणू नये. ‘मन घट्ट करा’ असंही नको. ते करून दमल्यामुळंच ते गप्प आहेत.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांना देवाचं काही करायचं असेल तर करू द्या, मात्र दवाखाना आधी, आणि देवऋष्यानं सांगितलं म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या थांबवायच्या नाहीत. या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर चुलतभाऊ, शेजारी, कुणीतरी रोज त्यांच्यासोबत रानात अर्धा तास जावं. सरकारनं ऑक्टोबर २०२५मध्ये जाहीर केलेल्या ३१,६२८ कोटींच्या पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनींसाठी वेगळी तरतूद आहे आणि जमीनदुरुस्तीचा मोठा भाग रोजगार हमीतून व्हायचा आहे. त्याचा पाठपुरावा गावातल्या जाणत्या मुलाकडं सोपवा, मालकांच्या डोक्यावर तेवढं एक काम तरी कमी होईल. आणि तुमच्यासाठीही एक माणूस ठरवा, माहेरचं असो की बचत गटातलं, ज्याच्यापाशी तुम्हाला रडता येईल.

नांदेडचे एक पालक विचारतात : थोरली मुलगी २०२२मध्ये युक्रेनहून परत आली. आता धाकट्याला एमबीबीएसला किर्गिझस्तानला पाठवायचं चाललंय. पाठवावं का?

होय-नाही मी सांगणार नाही, पण दोन गोष्टी तपासा. १५ फेब्रुवारी २०२२ला भारतीय दूतावासानं विद्यार्थ्यांना तात्पुरतं परतण्याचा सल्ला दिला होता, युद्ध लागलं २४ला. कॉलेज ऑनलाइन वर्ग घेईना म्हणून बरीच मुलं थांबली. तेव्हा अशा वेळी कॉलेज काय करतं, हे एजंटला नको, तिथं शिकणाऱ्या मुलांना विचारा. दुसरं, आपल्या नियमांनुसार पूर्ण शिक्षण एकाच परदेशी संस्थेत व्हावं लागतं. मध्येच देश बदलता येत नाही. युक्रेनच्या मुलांना मिळालेली सवलत अपवाद होती. बिश्केकमध्ये मे २०२४ला जमावानं परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले होते, तेव्हा मुलांना कित्येक दिवस खोलीबाहेर पडता आलं नव्हतं.

धाकट्याचं ठरवताना थोरलीला सोबत बसवा. तिला त्या दिवसांबद्दल घरात कुणी नीट विचारलंय का, ते पत्रातून कळत नाही. बोलायचं नसेल तर जबरदस्ती नको. पण प्रवेशाच्या पैशांची बोलणी तिच्यापासून लपवून करू नका.