जुना गुन्हा आणि नंतर आलेला मूलभूत हक्क

प्रश्न : ज्या कायद्याखाली खटला भरला, तो कायदाच पुढे मूलभूत हक्कांशी विसंगत ठरला, तर आधीच आरोपी झालेल्या किंवा शिक्षा भोगणाऱ्या माणसाला त्याचा लाभ मिळतो का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे अगदी सुरुवातीलाच आला, आणि तोही मुंबईहून. सप्टेंबर 1949 मध्ये निघालेल्या एका पत्रकाबद्दल केशवन माधव मेनन यांच्यावर 1931 च्या मुद्रणविषयक कायद्याखाली खटला भरला होता. तो चालू असतानाच 26 जानेवारी 1950 रोजी राज्यघटना अमलात आली. अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यापुढे हा कायदा टिकत नसल्याने खटलाही पुढे चालवता येणार नाही, असे मेनन यांचे म्हणणे होते. जानेवारी 1951 मध्ये न्यायालयाने बहुमताने ते फेटाळले. अनुच्छेद 13(1) नुसार विसंगत कायदा शून्य होतो तो घटना लागू झाल्यापासून पुढे, आणि पत्रक निघाले तेव्हा मूलभूत हक्कच अस्तित्वात नव्हते, असे कारण दिले गेले. न्या. फजल अली यांचे भिन्नमत मला अधिक पटते : जो कायदा आज शून्य आहे, त्याची अंमलबजावणी आजचे न्यायालय कशी करणार?

खटला चालवण्याच्या पद्धतीबाबत मात्र न्यायालय वेगळ्या निष्कर्षाला आले. लछमनदास केवलराम आहुजा यांचा विशेष न्यायाधीशापुढील खटला घटनेपूर्वी सुरू होऊन नंतर संपला होता. भेदभाव करणारी ही कार्यपद्धती 26 जानेवारीनंतर चालू ठेवता येत नाही, असे ठरवून 1952 मध्ये त्यांची शिक्षा रद्द करण्यात आली. हाही खटला मुंबई राज्यातलाच.

अलीकडे न्यायालय कधीकधी निकालातच मर्यादा आखून देते. प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना 2018 मध्ये तत्कालीन भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून वगळताना, हा निर्णय खटला, अपील किंवा पुनरीक्षण या कोणत्याही टप्प्यावर प्रलंबित असलेल्या प्रकरणांत लागू होईल, पण अंतिम झालेली प्रकरणे पुन्हा उघडली जाणार नाहीत, असे स्पष्ट केले गेले. परिणामी ज्याचे अपील रेंगाळले तो सुटतो आणि ज्याचा निकाल वेळेत लागला त्याचा कलंक कायम राहतो. मला ही विषमता खटकते. म्हणून अपील प्रलंबित असेल, तर हा मुद्दा वकिलांमार्फत तेथेच विनाविलंब मांडावा.