दोन कुत्री, मोटरहोम आणि डिसेंबरातला मराठवाडा

तुम्ही विचारलंय ते असं. डिसेंबरच्या शेवटी आठ दिवस, पुण्याहून टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली मोटरहोम, तुम्ही दोघं, सोबत एक लॅब्रॅडॉर आणि एक पश्मी, म्हणजे आपल्याकडचं देशी शिकारी कुत्रं. वेरूळ, अजिंठा, औंढा, नांदेड, माहूर, तुळजापूर बघायचंय, जेवण गाडीतच करायचंय आणि जमलं तर माळेगावच्या जत्रेलाही जायचंय. मी अंबाजोगाईची. आमची व्हॅन मीच चालवते आणि कुत्र्यांशिवाय आम्ही कुठं जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे यादी निम्मी करा. नांदेडहून माहूर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तिथून पुन्हा तुळजापूरला उतरायचं म्हटलं की तुमचे दोन दिवस नुसते रस्त्यावर जातील. माणूस खिडकीबाहेर बघत तेवढं सहन करतो. कुत्र्याला मात्र दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करायला आणि पाणी प्यायला लागतं. मराठवाड्यात कुत्र्यांसोबत फिरायचं तर आधी पाणी आणि सावली कुठं मिळेल ते बघायचं, ठिकाणं त्यानंतर ठरवायची. माझ्या मते तुम्ही असं जा: पुणे, अहिल्यानगर, संभाजीनगर. खुलताबाद-म्हैसमाळच्या बाजूला दोन रात्री. मग पैठण, गेवराई, बीड, मांजरसुंब्यावरून केज, अंबाजोगाई. पुढं लातूर, औसा, नळदुर्ग, तुळजापूर आणि सोलापूरमार्गे घरी. नांदेड-माहूर-औंढ्यासाठी वेगळी सहल करा. माहूरला तर निवांतच जावं.

वेरूळ आणि अजिंठा. दोन्हीकडे लेण्यांत कुत्री नेता येत नाहीत, त्यामुळे एकानं गाडीपाशी थांबायचं आणि आळीपाळीनं बघायचं. वेरूळला ते जमतं, कारण गाडी लेण्यांजवळच लागते. एकानं सकाळी उघडल्याबरोबर जाऊन कैलास, म्हणजे 16 नंबर, आणि आजूबाजूची लेणी बघावीत, मग दुसऱ्यानं. अजिंठ्याला जमत नाही. तिथं गाडी फर्दापूरच्या फाट्यावर सोडून बसनं चार किलोमीटर आत जायचं, त्यात एकेकाचा अर्धा दिवस मोडतो. अजिंठा या वेळी सोडून द्या. वेरूळ मंगळवारी बंद असतं, त्याप्रमाणे वार धरा.

गाडीपाशी थांबणाऱ्यानं खरोखर थांबायचं. 'पाचच मिनिटं' म्हणून कुत्री आत कोंडून दोघंही निघून गेलात असं होता कामा नये. डिसेंबरात आमच्याकडं पहाटे स्वेटर लागतो म्हणून लोक गाफील राहतात, पण दुपारी पारा 30 च्या आसपास जातो आणि तेवढ्या उन्हात बंद गाडी दहा-पंधरा मिनिटांत 40 च्या वर तापते. कुत्र्याला घाम येऊन अंग थंड करता येत नाही, धापा टाकणं हाच त्याचा उपाय, आणि आतली हवाच तापलेली असली की तोही चालत नाही. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी 38 ते 39 असतं. 41 च्या वर गेलं की जिवावर बेततं. जीभ गडद लाल, लाळ घट्ट, चाल डगमगती दिसली तर लगेच सावलीत घ्या, साध्या पाण्यानं पोट-मांड्या-पंजे भिजवा, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. लॅब्रॅडॉरकडं जास्त लक्ष ठेवा. दाट केसांचं जाड अंग असतं आणि ते दमलं तरी थांबत नाही.

पाण्याचा हिशोब निघण्याआधी करा. कुत्र्याला दिवसाला किलोमागं साधारण 50 ते 60 मिली लागतं, म्हणजे 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला दीड-दोन लिटर, उन्हात जास्त. बोअरचं पाणी आमच्याकडं जड असतं आणि गावागणिक बदलतं. रोज नवं पाणी पाजलं की कुत्र्याचं पोट बिघडतं. जवळपास प्रत्येक मोठ्या गावात आरओचा जार मिळतो, माणसांनी आणि कुत्र्यांनी तेच प्यावं. गाडीच्या टाकीतलं पाणी फक्त धुण्याला ठेवा. एक विनंती अगदी मनापासून करते: गावातल्या हापशावर किंवा टँकरवर मोटरहोमची टाकी भरू नका. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत घागरीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या बाया अजून त्याच गावांत राहतात. डिसेंबरात पाणी असलं तरी शंभर लिटर मागताना ते लक्षात असू द्या. विकत मिळतंच.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका. हा गळीत हंगामाचा काळ. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रात्रभर कारखान्याकडं चाललेल्या असतात, आणि कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा किंवा रिफ्लेक्टर काहीच नसतं. दिवस मावळायच्या आत गाडी जागेवर लागलेली असावी. मुक्कामाला मला देवस्थानांच्या भक्तनिवासाचं आवार किंवा शेतकऱ्याची वस्ती बरी वाटते, पेट्रोल पंप त्याखालोखाल. ढाब्याच्या मागं शक्यतो नको. तिथं हाडांवर जगणारी कुत्र्यांची टोळी असते आणि तुमची दोन दिसली की रात्रभर भांडण. वस्तीवर थांबायचं तर घरातल्या मोठ्या माणसाला विचारा, कुत्री बांधून ठेवू म्हणून आधीच सांगा, आणि सकाळचं दूध त्यांच्याकडूनच पैसे देऊन घ्या. गाडी मुरमावर लावा. अवकाळी पावसाच्या चार सरी काळ्या रानावर पडल्या की जड गाडीची चाकं तिथंच रुततात, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

रात्री कुत्री बाहेर बांधायची नाहीत. उसात बिबट्या असतो आणि त्याला कुत्रं सोपं सावज वाटतं. 2020 च्या अखेरीस आमच्या बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसांवरही हल्ले केले होते. निजायला दोघं आतच.

दिवसाही साखळी सोडू नका, विशेषतः पश्मीची. ही शिकारी जात, डोळ्यानं सावज टिपणारी. ससा, काळवीट किंवा धनगराच्या कळपातलं कोकरू हललं की तो तुमची हाक ऐकणार नाही. कळपासोबत धनगरांची कुत्री असतात आणि ती आपलं काम चोख करतात. पण शेतात याहून मोठी भीती शेततळ्याची. आतलं प्लॅस्टिक शेवाळलेलं आणि उतार तीव्र, त्यामुळं पाण्यात उतरलेलं कुत्रं पोहता येत असूनही वर चढू शकत नाही, आणि त्याला काढायला उतरलेला माणूसही अडकतो. कालव्याच्या सिमेंटच्या काठांचं तेच. बिनकठड्याच्या विहिरी आहेत, आणि डुकरांसाठी कुंपणात सोडलेला करंटही कुठं कुठं असतो. लॅब्रॅडॉर पाणी दिसलं की झेपावतो, म्हणून हे ठळक सांगते. पैठणच्या नाथसागर जलाशयावरही त्याला पाण्यात सोडू नका. ते पक्षी अभयारण्य आहे, या दिवसांत लांबून आलेले पक्षी तिथं उतरलेले असतात आणि एक कुत्रं धावलं की अख्खा थवा उठतो.

रोज संध्याकाळी पंजे तपासा. बाभळीचा काटा, सराटे आणि वाळल्या गवताची कुसळं. पश्मीच्या कानावर रेशमी केस असतात, कुसळ त्यात अडकून आत सरकतं. तो डोकं झटकत राहिला तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. अंगावर केस विरळ असल्यानं पहाटे त्याला घोंगडी लागेल.

आता स्वयंपाक. मराठवाड्याचं जेवण छोट्या गाडीतल्या ओट्याला इतकं सोयीचं आहे की बाहेरून डबाबंद काही आणायची गरजच नाही. सोबत येसर घ्या. भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाला एकत्र दळलेलं हे पीठ. फोडणीत पाणी उकळायचं, येसर पाण्यात कालवून सोडायचं, दहा मिनिटांत आमटी तयार. भाजी मिळाली नाही त्या दिवशी येसर, भाकरी, कांदा आणि शेंगदाण्याची चटणी. अंबाडीची किंवा मेथीची जुडी दिसली तर घ्याच. डाळ-कण्या घालून केलेली अंबाडी दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.

भाकरीचं पीठ पुण्याहून आणू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, मग थापताना कडा फाटतात. आठवडी बाजारातून किलो-दोन किलो ज्वारी घ्या आणि गावच्या गिरणीत दळून घ्या. तीन दिवसांपुरतंच. इंडक्शनवर लोखंडी तवा चालतो, पण दुसरी बाजू फुगायला जाळ लागतोच. फडक्यानं दाबत तव्यावर फुगवता येते, चव मात्र निम्मी राहते. मी भाकरी गाडीबाहेर घडीच्या टेबलावर गॅस ठेवून करते. उघडा जाळ करायचा मोह आवरा, आसपास कडब्याची गंज असतेच. हुरड्याचे दिवस सुरू होत असतील, कुणी बोलावलं तर जरूर जा. आगटी त्यांची, जागा त्यांची, त्यांना आग सांभाळता येते.

कुत्र्यांचं आणि आपलं एकाच कुकरमध्ये होतं. खालच्या भांड्यात तांदूळ, लाल भोपळा आणि चिकनचे बिनहाडाचे तुकडे, वरच्या भांड्यात आपलं वरण. मीठ, हळद, फोडणी सगळं नंतर, आपल्या भांड्यात. चिकन मिळालं नाही तर उकडलेली अंडी. सोबत साधी भाकरी कुस्करून घातली तर चालते, आमच्याकडं गावची कुत्री त्यावरच वाढली. पण गाडी लागणारं कुत्रं असेल तर निघायच्या तीन तास आधी जेवण उरकून टाका, म्हणजे मुख्य जेवण मुक्कामावर, संध्याकाळी.

कांदा-लसूण कुत्र्याला विष. शिजवला, वाळवला, पूड केली तरी विषच. त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि परिणाम दोन-चार दिवसांनी दिसतो, म्हणून लोकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. आपल्या काळ्या मसाल्यात, आमटीत, मटणाच्या रश्श्यात हे सगळं असतं, तेव्हा 'रश्श्यात भाकर चुरून दिली' हा लाड बंद. शिजलेलं हाडही नको, त्याचे टोकदार तुकडे होऊन आतडं फाटतं. उस्मानाबादी शेळीचं मटण तुम्ही पोटभर खा, पण हाडं पिशवीत बांधून ठेवा. द्राक्षं आणि मनुके मूत्रपिंड निकामी करतात. बालाघाटात उशिराची सीताफळं मिळाली तर बिया उचलून टाका, चावून फुटल्या की त्याही विषारी.

गॅस पाच किलोचाच घ्या, घरगुती सिलिंडर गाडीत ठेवू नये. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो, आणि कुत्री झोपतात ती नेमकी जमिनीवर. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी हवी, आणि चालत्या गाडीत रेग्युलेटर बंद. रात्री ऊब म्हणून आत शेगडी किंवा गॅस पेटवून झोपू नका, त्या धुरानं माणूस आणि जनावर दोघंही झोपेतच जातात. इंडक्शनसाठी 12 व्होल्टची 100 अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी पुरते: तिच्यात सव्वा युनिटच्या वर वीज असते आणि अर्धा तास 1200 वॅटवर शिजवलं की अर्ध्याहून थोडी जास्त युनिट जाते. त्या बॅटरीवर रात्रभर एसी चालवायचा विचार सोडून द्या. गाडी बांधून घेतली आहे तर ते बदल आरसीवर नोंदलेले आहेत ना, तेही बघा.

औषधांचं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर चांगले असतात, पण साठा बहुतेक गाई-म्हशींचा. गोचिडांचं, जुलाबाचं आणि तुमच्या डॉक्टरनं लिहून दिलेलं वेदनेचं औषध सोबत ठेवा. माणसांची तापाची गोळी मनानं देऊ नका. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, अवघड काही झालं तर तिकडं जा. लातूरहून उदगीर जवळ. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री नंबर फोनमध्ये असू द्या. रेबीजच्या लसीचं कार्ड गाडीत हाताशी ठेवा, वस्तीवर कुणी विचारलं तर दाखवता येतं.

राहिली माळेगावची जत्रा. खंडोबाची ही यात्रा लोहा तालुक्यात मार्गशीर्षाच्या शेवटी भरते, तारीख पंचांगात बघा. घोडे, उंट, गाढवं, बैल, सगळ्यांचा बाजार, आणि श्वान प्रदर्शनही असतं. पश्मी पाळणाऱ्या माणसाला ते बघायची ओढ लागणारच, आमच्या लातूर-नांदेडकडं पश्मी आणि कारवान ही देशी शिकारी कुत्री जपणारी जुनी घराणी आहेत, त्यांच्याशी बोलायला मिळतं. पण तुमची दोघं तिकडं नेऊ नका. हलगी-ताशा, धूळ, लाखभर पावलं, अनोळखी कुत्री, आणि घोड्याच्या मागच्या पायाशी गेलेलं लॅब्रॅडॉर. तारीख जुळली आणि जायचंच असेल तर लातूरला तिसरं माणूस सोबत घ्या, कुत्र्यांना त्याच्यापाशी गाडीत सावलीला ठेवा आणि तुम्ही दोघं सकाळच्या वेळी जाऊन या. दिवस कोणते ठरले ते इथं कळवा, अंबाजोगाईत मुकुंदराजाच्या दरीच्या वर गाडी लावायला जागा आहे, ती नेमकी कुठं ते सांगते.