पहिला ग्लव्ह घेताना

बेसबॉलचा ग्लव्ह घेतोयस ना, मग आधी नाक लाव. रेक्झिनचा वास लपत नाही. मग तळव्यावर अंगठा दाब. कातड्यावर बारीक, वेड्यावाकड्या सुरकुत्या पडतात. रेक्झिन नुसतं दबतं. आणि 'लेदर' या शिक्क्याला भुलू नकोस, कित्येकदा फक्त तळवा कातड्याचा असतो. माझा पहिला तसाच होता. इंदूरच्या एकाच पावसाळ्यात त्याची पाठ पापडासारखी सोलली!

स्टीअरहाइड म्हणजे खच्ची केलेल्या बैलाचं कातडं. जाड, जड, सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं ताठ, पण एकदा बसलं की आकार सोडत नाही. किप हे कमी वयाच्या जनावराचं. हलकं, बारीक पोताचं, आणि महाग. शिकागोची हॉर्वीन टॅनरी १९०५ पासून कातडं कमावते, रॉलिंग्ज या अमेरिकन कंपनीच्या ग्लव्हांना तिचं कातडं वर्षानुवर्षं गेलंय. तुला एवढ्यात त्या वाटेला जायची गरज नाही. साधं काउहाइड, म्हणजे गाईचं कातडं घे, लवकर मऊ पडतं. (घरात आजीला गाईचं चालणार नसेल तर चांगला सिंथेटिक घे, उगाच भांडण नको.)

लेस, म्हणजे ग्लव्ह बांधून धरणारी वादीही ओढून बघ. तळवा धड असूनही ग्लव्ह बाद होतो तो बहुधा लेस तुटल्यामुळेच.

मऊ करायला तेलात बुडवू नकोस, उन्हात तर मुळीच ठेवू नकोस. नेहरू स्टेडियमवर ये, रोज अर्धा तास कॅच खेळू. पावसाळ्यात मात्र पिशवीत कोंबू नको, बुरशी धरते.