‘सुटला’ की ‘हवाली केला’?

दारव्हा तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वेडाच्या भरात गावातल्या एकाच्या हातून खून झाला, कोर्टानं त्याला शिक्षा दिली नाही. बातमीत ‘निर्दोष सुटका’ आलं, पारावर ‘थो याडा म्हणून सुटला’ म्हणतात, आणि माणूस तर नागपूरच्या मनोरुग्णालयात आहे. मग खरा शब्द कोणता?

‘सुटला’ तर नाहीच. आपल्याकडे बैल ‘सुटला’ म्हटलं की बाया लेकरांना घरात ओढतात, कोणी काठी घेऊन पऱ्हाटीकडे पळतो. बैल ‘सोडला’ म्हणजे औत थांबलं, जू उतरलं, कासरा धन्याच्या हातात. माणसाला जनावराशी जोडायचं नाही मला, क्रियापद तेवढं दाखवतो. ‘सुटला’मध्ये धरणारं कोणी उरत नाही.

त्यात ‘म्हणून’नं आणखी घात केला. तो कारण सांगतो तशी सबबही सांगतो: ‘आजारी म्हणून घरी बसला’. त्यामुळे ‘याडा म्हणून सुटला’मधून सोंग ऐकू येतं. ज्या मायनं वर्षानुवर्षं तो आजार घरात पाहिला, तिच्या कानावर हे पडणं फार वाईट.

आता ‘निर्दोष’. जुन्या दंड संहितेचं कलम ८४ (१ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम २२) सांगतं, की कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे आपण काय करतोय किंवा ते गैर आहे हेच कळत नसेल, तर तो गुन्हा नाही. पण अशी दोषमुक्ती देताना कृत्य त्यानं केलं की नाही, हे कोर्टाला निकालात लिहावंच लागतं. म्हणजे दोष नाही, कृत्य आहे. ‘दोषमुक्त’ हे पेलतो. ‘निर्दोष’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, यानं केलंच नाही.

आणि दोषमुक्त झाला तरी तो मोकळा होत नाही. कोर्ट त्याला सुरक्षित ठिकाणी ठेवायला सांगतं, किंवा नातेवाईक अर्ज करून हमी देतो: काळजी घेईन, त्याला वा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही, तपासणीला हजर करीन. यालाच आपला जुना शब्द आहे, हवाली. ‘हवालदार’ त्याच कुळातला. ज्याच्या हवाली केलं, त्याच्यावर जबाबदारी आली.

तेव्हा आज म्हणा, ‘त्याले दोषमुक्त केलं, पन नागपूरले ठेवलं.’ उद्या भावानं हमी दिली आणि कोर्टानं मानली, तर ‘भावाच्या हवाली केलं.’