वॉरहॅमरची पहिली फौज ड्वार्फांची घ्यावी की ऑर्कांची?

कोल्हापुरात दोघं मित्र वॉरहॅमर, म्हणजे टेबलावर छोट्या आकृत्यांच्या काल्पनिक फौजा लढवायचा खेळ, सुरू करताय आणि बुटके ड्वार्फ की हिरवे, भांडखोर ऑर्क यावर अडलायस, म्हणून सांगतो: भावा, डोळे झाकून ड्वार्फ घे.

१९८३ साली आलेल्या या खेळात ड्वार्फ म्हणजे बुटके, चिवट आणि तोफा बाळगणारे. एका पाळीत चाल फक्त ३ इंच, माणसाची ४, चपळ एल्फ लोकांची ५. म्हणजे पळापळ नाही. टेकडी धरायची, तोफ लावायची आणि समोरच्याला येऊ द्यायचं. जादूगार नाहीत, त्यामुळे स्वतःचे मंत्र पाठ करायची कटकट नाही. एकेक शिपाई भारी, म्हणून रंगवायला आकृत्या कमी. चिलखताला चंदेरी मारायचं, वर पातळ तपकिरी, की झालं.

ऑर्कांची मजा वेगळी. जुन्या नियमांत आपल्या दर पाळीला पलटणीसाठी फासा टाकायचा. १ पडला की पलटण शत्रूला सोडून आपसातच भांडत बसायची. विसर्जन मिरवणुकीत दोन तालमी समोरासमोर आल्यासारखं! पण आकृत्या ढीगभर लागतात.

आणि एक, पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारू नकोस. मी एका जुलैत गच्चीवर मारला आणि वीस गॉब्लिन (ऑर्कांचे छोटे भाईबंद) पिठात घोळल्यासारखे खरखरीत झाले. तेव्हापासून ब्रशनेच लावतो.

खरेदीआधी आकृत्यांऐवजी जुन्या लग्नपत्रिकांचे चौकोन कापा, त्यावर पलटणींची नावं लिहा आणि दोन-तीन डाव तसेच खेळा. टेप मात्र इंचांचा घ्या.